कारखान्यातली सात जुनी मशीन एका सर्व्हरवर आणायची आहेत. केवढा सर्व्हर घ्यायचा?

काटाघर, बीड

नमस्कार मंडळी. एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात आहे. रोजचं गाळप ५,००० टन. सध्या सात वेगवेगळी मशीन चालतात: काटा आणि शेतकी विभागाचा एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस), अकाउंट्सचं ईआरपी, टाइम ऑफिसची हजेरी आणि पगार, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा) आणि फाइल सर्व्हर मिळून एक, डिस्टिलरीचं सॉफ्टवेअर, रिपोर्ट आणि शेतकऱ्यांच्या एसएमएसचं एक, आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. बहुतेक मशीनची वॉरंटी कधीच संपली, दोघांचे सुटे भागही मिळत नाहीत.

सगळं व्हर्च्युअल करायचं ठरलंय, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने वेगवेगळी मशीन (व्हीएम) चालवायची. पुरवठादाराने कोटेशन दिलं ते असं: एकच सर्व्हर, ३२ कोअरचे दोन प्रोसेसर, ५१२ जीबी रॅम, ४ टीबीच्या १२ साटा (मोठ्या, स्वस्त) डिस्क रेड ६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहील अशी मांडणी), सोबत ५ केव्हीएचा यूपीएस. त्यांचं म्हणणं, "एवढ्यात सगळं बसतंय, पाच वर्षं बघायला नको."

मला हे मोठं वाटतंय, पण कुठं मोठं आणि किती मोठं ते सांगता येत नाही. संचालक मंडळापुढे आकड्यानिशी बोलावं लागेल. मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आत सगळं उभं राहायला पाहिजे. कशापासून सुरुवात करू?

गोदाकाठ, नांदेड

कोटेशन बाजूला ठेवा. आधी आत्ताची मशीन किती काम करतात ते बघू. प्रत्येक मशीनची चार माहिती द्या: सीपीयू किती वापरला जातो (सरासरी नको, दिवसातल्या ९५ टक्के वेळेत ज्याच्या खाली राहतो तो आकडा), रॅम, डिस्कवर सेकंदाला किती वाचन-लेखन होतं आणि त्याला किती मिलिसेकंद लागतात. विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर एवढ्याला पुरतो, दर १५ सेकंदाला नोंद लावा.

पण एक अडचण मला आत्ताच दिसतेय. हंगाम बंद आहे. आज मोजलं तर कारखाना झोपलेला दिसेल.

काटाघर, बीड

नेमकं बोललात सर. मार्चमधली नोंद दोनच मशीनची आहे, एसक्यूएल आणि ईआरपी. तेव्हा काटा अडकायचा म्हणून लावून ठेवली होती.

एसक्यूएल मशीन: ४ कोअर ३.३ गिगाहर्ट्झ, ३२ जीबी रॅम, १५ हजार आरपीएमच्या ८ सॅस (वेगवान) डिस्क रेड १० मध्ये (दोन-दोन डिस्कवर एकच डेटा). एरवी सीपीयू १८ टक्क्यांच्या खाली. पंधरवड्याचं ऊसबिल चालवलं की २७ पर्यंत जातो. एरवी डिस्कवर सेकंदाला ६० ते ८० आयओ (वाचन-लेखन), बिलाच्या वेळी १,०००-१,०५० आणि प्रत्येकाला ४०-६० मिलिसेकंद. रॅम कायम ९५ टक्के भरलेली. बिलाला तीन तास लागतात.

ईआरपी: मार्चअखेरीस सीपीयू ३५ टक्के, रॅम २४ पैकी १७.

सगळा डेटा मिळून १ टीबीच्या आसपास, सीसीटीव्ही सोडून.

गोदाकाठ, नांदेड

मार्चची नोंद हाताशी आहे हे फार बरं झालं. पण हे आकडे दिसतात तसे वाचू नका. तीन जागी चकवा आहे.

सीपीयू २७ टक्के. चार कोअरच्या मशीनवर एक कोअर पूर्ण भरला की टास्क मॅनेजर २५ दाखवतो. म्हणजे तुमचं ऊसबिल एकाच कोअरवर चालतं आणि तो कोअर १०० टक्के भरलेला आहे, बाकीचे तिघे मोकळे. असल्या कामाला तुम्ही ६४ कोअर दिले तरी बिल एका मिनिटानेही लवकर निघणार नाही. उलट ३२ कोअरवाल्या प्रोसेसरचा मूळ वेग बऱ्याचदा २ ते २.५ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. नव्या पिढीचा कोअर एका ठोक्यात जास्त काम करतो हे खरं, तरी कमी कोअर आणि जास्त वेग हाच तुमचा प्रोसेसर. १६ कोअर, ३ गिगाहर्ट्झच्या वर, एकच सॉकेट, म्हणजे एकच प्रोसेसर.

रॅम ९५ टक्के. एसक्यूएल सर्व्हरला जेवढी द्याल तेवढी तो डेटा साठवायला घेतो. त्याला ५१२ दिली तर तीही भरलेली दिसेल. त्यामुळे 'रॅम भरली' म्हणजे 'रॅम कमी पडते' असं नाही. पेज लाइफ एक्स्पेक्टन्सी, म्हणजे डेटा रॅममध्ये किती वेळ टिकतो, हा काउंटर बघा. बिल सुरू झालं की तो कोसळून वर येतच नसेल, तर रॅम खरंच कमी आहे.

डिस्क १,०५०. ही तुमची गरज नाही, ही तुमच्या जुन्या डिस्कची छत आहे! १५ हजार आरपीएमची एक डिस्क सेकंदाला साधारण १७५ आयओ देते. आठ डिस्क म्हणजे १,४००. रेड १० मध्ये प्रत्येक लेखन दोनदा होतं. ७० टक्के वाचन आणि ३० टक्के लेखन धरलं तर १,४०० भागिले (०.७ अधिक ०.३ गुणिले २), म्हणजे सुमारे १,०७७. तुम्ही छताला डोकं टेकवून उभे आहात. ४०-६० मिलिसेकंद हेच सांगतात, कारण डिस्क मोकळी असती तर ५ ते ८ लागले असते. खरी मागणी यापेक्षा किती जास्त आहे ते या नोंदीतून कळणारच नाही.

आता हेच सूत्र कोटेशनला लावा. ७,२०० आरपीएमची साटा डिस्क साधारण ७५ आयओ देते. बारा डिस्क म्हणजे ९००. रेड ६ मध्ये प्रत्येक छोट्या लेखनाला सहा आयओ पडतात. ९०० भागिले (०.७ अधिक ०.३ गुणिले ६), म्हणजे ३६०.

नवा सर्व्हर, आणि डिस्क जुन्याच्या एक तृतीयांश. कंट्रोलरचा कॅश थोडा वेळ सांभाळून घेईल, पण तीन तास चालणारं बिल तो कॅश भरून बाहेर येतंच.

लातूर_पॅटर्न, लातूर

हे ३६० वालं गणित जसंच्या तसं मंडळापुढे ठेवा. दुसरं काही बोलायची गरज पडणार नाही.

काटाघर, बीड

वाचून धस्स झालं. म्हणजे एवढा पैसा घालून बिल तीन तासांचं सात-आठ तास झालं असतं?

गोदाकाठ, नांदेड

डिस्कमुळे जेवढा वेळ अडतो तेवढा तिपटीच्या घरात वाढला असता, आणि त्याच डिस्कवर बाकीचे सहा व्हीएमही झुंबड करणार होते. ही गोष्ट लोक विसरतात. पूर्वी प्रत्येक मशीनच्या डिस्क वेगळ्या होत्या, आता सगळ्यांना एकाच दारातून आत-बाहेर करायचं आहे.

खरी गरज काढायला एक रस्ता आहे. एखादं बऱ्यापैकी मशीन घ्या, त्यात एक चांगली एसएसडी लावा. मार्चचा बॅकअप त्यावर रिस्टोअर करा आणि एका गर्दीच्या पंधरवड्याचं बिल पुन्हा चालवा. परफॉर्मन्स मॉनिटर चालू ठेवून. डिस्कची अडचण नसताना सीपीयू, रॅम आणि आयओ कुठवर जातात ते कळेल. हंगाम बंद असताना मोजायचा मला माहीत असलेला हाच खात्रीचा मार्ग.

बालाघाट, धाराशिव

थोडं वेगळं मत मांडतो. मीही सहकारातलाच. मंडळापुढे आयटीचा विषय पाच-सात वर्षांत एकदा येतो. आज लहान घेतलं आणि तीन वर्षांनी वाढवायचं म्हटलं की नवी सभा, नवी कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, नवे प्रश्न. त्यात मधे निवडणूक आली तर विचारूच नका. म्हणून मिळतंय तेव्हा मोठं घ्या असं लोक करतात, त्यात चूक काय? ५१२ जीबी रॅम पडून राहिली तर राहू दे.

गोदाकाठ, नांदेड

बालाघाट साहेब, अडचण खरी आहे. पण पैसा तेवढाच खर्च करायचा असेल तर एका मोठ्याऐवजी दोन मध्यम घ्या, असं माझं ठाम मत आहे. ते एक मशीन कितीही मोठं असलं तरी त्याचा मदरबोर्ड रात्री दोनला गेला तर सातही कामं एकदम बंद. पूर्वी सात मशीन होती तेव्हा एक जायचं, सहा चालायची. व्हर्च्युअल करताना आपण सगळी अंडी एका टोपलीत ठेवतो, तेव्हा दुसरी टोपली हवीच.

दोन घेतल्यावर नियम एकच: कुठलंही एक बंद पडलं तर दुसऱ्याने सगळं उचललं पाहिजे. म्हणजे रोजच्या वापरात दोन्ही निम्म्याच्या वर भरू द्यायची नाहीत. ही रिकामी जागा म्हणजे चैन नव्हे. तीन मशीन असती तर प्रत्येक दोन तृतीयांशापर्यंत भरता आलं असतं, पण तुमच्या कामाला तीन नकोत.

आणि मोठं घेतल्याचा खर्च तिथंच थांबत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना कोअरवर आहे. सर्व्हरमधल्या सगळ्या कोअरचा एक संच घेतला की दोन व्हीएम चालवता येतात. सीसीटीव्ही सोडून सहा व्हीएमना तीन संच. ६४ कोअरच्या सर्व्हरला १९२ कोअरचे परवाने लागतील. १६ कोअरच्या दोन सर्व्हरना, दोन्हींवर सहाही व्हीएम चालवायची मुभा धरून, ९६. निम्म्या परवान्यांत दुसरं मशीन मिळतं. न वापरलेल्या कोअरचेही पैसे भरायचे, हे कोटेशन देणारा सहसा सांगत नाही.

बालाघाट, धाराशिव

परवान्याचं हे लक्षात नव्हतं आलं. पटलं. मग वाढीसाठी जागा तेवढी मोकळी ठेवा, रॅमचे स्लॉट आणि डिस्कचे कप्पे.

लातूर_पॅटर्न, लातूर

रॅम घेताना चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटा) बघा दादा. प्रोसेसरला आठ मेमरी चॅनल असतील तर आठही भरा. पुरवठादार बऱ्याचदा ६४ जीबीच्या दोनच पट्ट्या लावून "१२८ जीबी दिली, पुढं वाढवता येईल" म्हणतात. आकडा बरोबर, पण मेमरीचा वेग चौथाईवर येतो. डेटाबेसला ते लगेच जाणवतं. ३२ च्या आठ म्हणजे २५६, आणि बोर्डावर १६ स्लॉट असले तर आठ मोकळेही राहतात.

काटाघर, बीड

मंडळी, बिल पुन्हा चालवून बघितलं. एक डेस्कटॉप रिकामा होता, त्यात एसएसडी टाकली. फेब्रुवारीचा सगळ्यात गर्दीचा पंधरवडा घेतला.

बिल तीन तासांवरून ५० मिनिटांवर आलं. डिस्कवर ४,२०० पर्यंत आयओ गेले. एक कोअर पूर्ण भरलेला राहिला, शेवटपर्यंत. एसक्यूएलला आधी १६ जीबीची मर्यादा घालून चालवलं, मग २४, मग ३२. सोळावर पेज लाइफ खाली जाऊन बसायची. २४ ला बरी. ३२ ला वेळेत काहीच फरक पडला नाही.

ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यायची असते. त्यामुळे बिलाची घाई कायद्याचीच आहे, आमच्या मर्जीची नाही. ५० मिनिटं म्हटल्यावर शेतकी अधिकारी स्वतः येऊन बघून गेले.

गोदाकाठ, नांदेड

वा! आता अंदाज संपले, हिशोब सुरू. व्हीसीपीयू (व्हीएमला वाटून दिलेले कोअर) असे धरा: एसक्यूएल ४, ईआरपी ४, रिपोर्ट ४, डोमेन-फाइल २, पगार २, डिस्टिलरी २. एकूण १८. एक सर्व्हर बंद पडला तरी १६ कोअरवर १८, म्हणजे १.१ ला १. साध्या कामाला ३ किंवा ४ ला १ पर्यंत ताणतात, डेटाबेस असेल तर २ च्या आत राहतात. तुम्ही खूप आरामात आहात. हायपरथ्रेडिंगचे थ्रेड यात धरायचे नाहीत, त्याने २०-३० टक्के जास्त काम निघतं, दुप्पट नाही.

कुणी म्हणेल, कोअर आहेत तर प्रत्येक व्हीएमला आठ-आठ देऊ. देऊ नका. न लागणारे व्हीसीपीयू दिले की व्हीएमला आपली पाळी यायची वाट बघावी लागते. चालू झाल्यावर सीपीयू रेडीचा, म्हणजे या वाट बघण्याचा, आकडा बघत राहा, प्रत्येक व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांच्या वर गेला तर लक्ष घाला, १० ला वापरणारे ओरडतात.

रॅम: एसक्यूएल ३२, ईआरपी २४, रिपोर्ट १६, पगार ८, डिस्टिलरी ८, डोमेन-फाइल ४. बेरीज ९२. चौथाई वाढीला, ११५. वर हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टिम) च्या कॅशला २०. झाले १३५. म्हणून १२८ जरासे कमी पडतात, आणि लातूरकरांनी सांगितलेले २५६ बरोबर बसतात. रॅम कधीही फुगवून वाटू नका. सीपीयू वाटून घेता येतो, थोडं थांबावं लागतं इतकंच. रॅम संपली की डिस्कवर स्वॅप सुरू होतं आणि काटा थांबतो.

डिस्क: प्रत्येक सर्व्हरमध्ये १.९२ टीबीच्या चार एंटरप्राइझ एसएसडी, मिरर जोड्यांत. ३.८४ टीबी मिळतात, ८० टक्क्यांच्या आत राहायचं म्हणजे ३ टीबी वापरात. आज तुमचा १ आहे. वीज गेल्यावर हातातलं लेखन पूर्ण करणाऱ्या, म्हणजे पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्याच घ्या. डेस्कटॉपच्या एसएसडी इथं चालत नाहीत.

दुधनाकाठ, जालना

सीसीटीव्हीचं काय ठरलं? मला वाटतं १२ साटा डिस्क कोटेशनमध्ये आल्या त्या याच्यामुळे. कॅमेरे किती?

काटाघर, बीड

४०. प्रत्येकी ४ एमबीपीएस. ३० दिवस साठवायचं आहे.

दुधनाकाठ, जालना

म्हणजे १६० मेगाबिट, सेकंदाला २० मेगाबाइट. दिवसाला १.७३ टीबी, तीस दिवसांना ५२. आणि रेड ६ मध्ये त्या बारा डिस्कची जागा ४० टीबी. म्हणजे ज्याच्यासाठी साटा घातल्या तेही बसत नव्हतं, आणि डेटाबेसचाही जीव जात होता.

रेकॉर्डिंग वेगळ्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) ठेवा, व्हर्च्युअलमध्ये आणूच नका. दिवसरात्र एकसारखं लिहिणारं काम आहे, त्याला मोठ्या स्वस्त डिस्क लागतात आणि ते बाकीच्यांच्या वाटेत येतं.

गोदाकाठ, नांदेड

सहमत. सात मशीनची सहा व्हीएम, सातवं बाहेर.

मांजराकाठ, लातूर

हायपरवायझर कुठला घेणार? व्हीएमवेअर असेल तर, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतल्यावर कायमचे परवाने बंद झाले, आता वर्गणी, तीही कोअरवर, आणि एका प्रोसेसरला किमान १६ कोअर धरून. हायपर-व्ही विंडोजच्या परवान्यात येतो. आम्ही प्रॉक्समॉक्स हा हायपरवायझर वापरतो.

गोदाकाठ, नांदेड

दोन सर्व्हर आणि सॅन (सगळ्या सर्व्हरचा सामायिक डिस्कसाठा) नाही, अशा मांडणीला प्रॉक्समॉक्स छान बसतो. झेडएफएसवर असलेले व्हीएम तो ठरावीक वेळाने दुसऱ्या सर्व्हरवर उतरवत राहतो. आपोआप १५ मिनिटांना, कमीत कमी १ मिनिटापर्यंत आणता येतं. एक सर्व्हर मेला की शेवटची प्रत दुसरीकडे सुरू होते. मधली मिनिटं जातात, हे आधीच मान्य करावं लागतं. एसक्यूएल १ मिनिटावर ठेवा, बाकी १५ वर. आणि झेडएफएसला रेड कंट्रोलर नको, डिस्क थेट दिसल्या पाहिजेत. कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या.

सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एक साठा करणारं सॉफ्टवेअर) कुणी सुचवलं तर नाही म्हणा, त्याला किमान तीन सर्व्हर लागतात. एकच सॅन सुचवला तर विचारा, तो सॅन बंद पडल्यावर काय?

काटाघर, बीड

सर, हे मधलं एक मिनिट मला झोपू देणार नाही. काट्याचं थोडं सांगतो.

हंगामात काटा चोवीस तास. ट्रॅक्टर येतो, दोन ट्रॉल्या, भरलेलं वजन होतं, गव्हाणीत रिकामा होतो, परत रिकाम्या वजनाला येतो. दोन्ही वजनं झाली की स्लिप. त्या स्लिपवर शेतकऱ्याचं बिल, वाहतूकदाराचं भाडं आणि टोळीची तोडणी, तिन्ही. यंदा एका रात्री स्क्रीन गोठला, तेव्हा काटेवाल्याने वहीत वजनं लिहिली. सकाळी मुकादम माझ्या टेबलासमोर उभा, वहीतला आकडा आणि त्याला आठवत असलेला आकडा जुळत नव्हता. यार्डात रांग रस्त्यापर्यंत गेली होती, बैलगाड्यांचे बैल जुंपलेलेच उभे. एका मिनिटात दोन वाहनांची वजनं जातात. ती कुणाच्या तरी घामाची असतात.

गोदाकाठ, नांदेड

मग त्याचं उत्तर सर्व्हरमध्ये शोधू नका, काट्यावर शोधा.

बघा, तुमची वाहनं दिवसाला किती? ५,००० टनाला तीन-चारशे धरा, बैलगाड्या जास्त असतील तर आणखी. प्रत्येकाची दोन वजनं. हजार नोंदी दिवसाला म्हणजे डेटाबेसला काहीच नाही, दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पेलेल. काट्याला मोठा सर्व्हर लागतच नाही. त्याला लागतं ते न अडकणं. बिल आणि रिपोर्ट त्याच डेटाबेसवर चालतात म्हणून तो अडकतो.

काटाघरातल्या पीसीवर एसक्यूएल एक्सप्रेस टाका. वजन आधी तिथं लिहिलं जाईल, स्लिप तिथूनच निघेल, आणि मग नोंद सर्व्हरकडे जाईल. सर्व्हर तासभर बंद असला तरी स्लिपा निघत राहतील, आणि परत आला की राहिलेल्या नोंदी चढतील. सॉफ्टवेअरवाल्याकडून एवढं करून घ्या. हा बदल तुम्हाला ५१२ जीबीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. नोंदीला स्लिप नंबर हीच ओळख ठेवा, म्हणजे दोनदा चढली तरी एकदाच धरली जाईल.

काटाघर, बीड

हे कुणीच सांगितलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्याशी आजच बोलतो.

दुधनाकाठ, जालना

विजेचं आणि उष्णतेचं मी सांगतो, आमच्याकडे भट्ट्यांमुळे रोजचा विषय आहे.

दोन सर्व्हर प्रत्येकी २५० वॅटच्या आसपास, स्विच वगैरे १०० धरा. ६००. ५ केव्हीएचा एक यूपीएस घेण्यापेक्षा २ केव्हीएचे दोन ऑनलाइन यूपीएस घ्या, प्रत्येक सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय एकावर, दुसरा दुसऱ्यावर. प्रत्येक यूपीएसने एकट्याने सगळं उचललं पाहिजे. तुमच्याकडे हंगामात स्वतःचं टर्बाइन असणार. ते ट्रिप झालं की एका क्षणात अंधार, मग बाहेरची वीज घेईपर्यंत झटके. लाइन इंटरॅक्टिव्ह (वीज गेल्यावरच बॅटरीवर जाणारे) यूपीएस तिथं टिकत नाहीत.

बॅटरी किती वेळ चालते यापेक्षा ती संपायच्या आत व्हीएम नीट बंद होतात का, हे बघा. एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवा, १५ मिनिटं बाकी राहिली की आधी रिपोर्ट आणि पगार, शेवटी एसक्यूएल, मग सर्व्हर. एकदा मुद्दाम वीज काढून तपासा.

आता एसी. ६०० वॅट म्हणजे तासाला सुमारे २,०५० बीटीयू. एक टनाचा एसी १२,००० ओढतो. सर्व्हरला तसं फारसं लागत नाही. पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, पश्चिमेची भिंत तापलेली, वर पत्रा. ती उष्णता सर्व्हरपेक्षा जास्त असते. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश राहिले पाहिजेत. एक-एक टनाचे दोन एसी, आळीपाळीने. एसी यूपीएसवर नसतो हे विसरू नका, वीज गेल्यावर खोली पंधरा-वीस मिनिटांत तापायला लागते.

बॅटरीचंही तेच. या बॅटऱ्या २५ अंशाला मोजलेल्या असतात, दर ८-१० अंशांना आयुष्य निम्मं होतं. लोक सर्व्हर गार ठेवतात आणि यूपीएस बाहेर व्हरांड्यात.

आणि बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. त्याची बारीक भुकटी फिल्टरमध्ये बसली की हवा जात नाही. खोली बगॅस यार्डाच्या वाऱ्याच्या दिशेला नको. खिडक्या बंदच, दाराला झडप, फिल्टर दर आठवड्याला.

लातूर_पॅटर्न, लातूर

काटाघरापर्यंत तांब्याची केबल नेऊ नका, फायबरच. १०० मीटरच्या पुढं तशीही चालत नाही, आणि वळवाच्या पावसात वीज पडली की त्याच तारेने सर्व्हर रूममध्ये येते.

पूर्णामाय, परभणी

बॅकअपवर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहायलेय. दोन सर्व्हरमधलं रेप्लिकेशन (एकाची प्रत दुसऱ्यावर उतरवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. पहिल्यावर कुणी टेबल पुसलं किंवा रॅन्समवेअर आलं तर एका मिनिटात ते दुसऱ्यावरही तसंच उतरतं. स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) त्याच डिस्कवर असतो, तोही बॅकअप नव्हे.

तिसरं मशीन लागेल, आणि साटा डिस्क तिथं बरोबर आहेत. जुन्या सातांतलं बरं मशीन घ्या, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर टाका. बदललेलंच घेतो, सारखं असेल ते एकदाच साठवतो, त्यामुळे जागा कमी लागते. ते दुसऱ्या इमारतीत ठेवा, डोमेनचा पासवर्ड तिथं चालू देऊ नका. आणखी एक प्रत कारखान्याबाहेर. एसक्यूएलचा लॉग बॅकअप दर १५ मिनिटांना वेगळा.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत एकदा पूर्ण रिस्टोअर करून बघा. पंधरवड्याचं बिल परत चालवून रकमेची बेरीज जुळवा. व्हीएम चालू झाला म्हणजे डेटा बरोबर आला असं नसतं.

काटाघर, बीड

ताई, हे नक्की करतो. बेरीज जुळवायचं काम अकाउंट्सवाल्यांनाच देतो, त्यांची नजर वेगळी असते.

नवीन मागणीपत्रक असं लिहितोय, बघा: १ सॉकेट, १६ कोअर, ३ गिगाहर्ट्झच्या वर, असे दोन सर्व्हर. ३२ जीबीच्या आठ पट्ट्या, सगळे चॅनल भरलेले. १.९२ टीबीच्या चार एंटरप्राइझ एसएसडी, थेट जोडलेल्या. दोन पॉवर सप्लाय. दोन सर्व्हरमध्ये २५ गिगाबिटची थेट जोडणी. पाच वर्षांची जागेवर येऊन दुरुस्ती. २ केव्हीएचे दोन ऑनलाइन यूपीएस. एनव्हीआर वेगळा. आणि एक अट घातलीय: मार्चच्या डेटावर पंधरवड्याचं बिल ६० मिनिटांत निघालं पाहिजे आणि बिल चालू असताना काट्याची नोंद अडकता कामा नये, तरच शेवटचा हप्ता. तिन्ही कोटेशनं याच कागदावर मागवणार.

बालाघाट, धाराशिव

शेवटची अट झकास. तुलनात्मक तक्त्यात आता दराखेरीजही काही बघायला राहील.

गोदाकाठ, नांदेड

२५ नको, दोघांमध्ये १० गिगाबिट भरपूर झालं. १ टीबीचा डेटा आहे आणि बदल दर मिनिटाला काही मेगाबाइट. वाचलेल्या पैशात एक जास्तीची एसएसडी आणि एक पॉवर सप्लाय कपाटात ठेवा. बीडला सुटा भाग पोचायला दुरुस्तीच्या करारात काय लिहिलंय तेही बघा, शहरातली वेळ तालुक्याला लागू नसते बऱ्याचदा.

आणि दोनच सर्व्हर आहेत, तर मतांचं काय? दोघांमधली जोडणी तुटली तर प्रत्येकाला वाटेल दुसरा मेला. तिसरं मत देणारं क्यूडिव्हाइस लावा, छोटं मशीन पुरतं.

काटाघर, बीड

ते बॅकअप सर्व्हरवरच टाकलं तर?

पूर्णामाय, परभणी

चालेल. दुसऱ्या इमारतीत आहे, वीजही वेगळी आहे, तेच पाहिजे. फक्त त्या इमारतीपर्यंतच्या फायबरची वाट आणि दोन सर्व्हरमधल्या केबलची वाट एकाच चरातून नेऊ नका. कारखान्यात चर खणायला जेसीबी कधी येईल सांगता येत नाही.